सायलेन्सर पॉलिशच्या नावाखाली ॲसिड आणि सिल्व्हर स्प्रे, नाशिककरांनो सावध राहा

नाशिकमध्ये कुणी तुम्हाला गाडीचा काळा पडलेला सायलेन्सर पाइप "शोरूमसारखा चमकवून देतो, दोन वर्षं वॉरंटी" असं सांगत असेल तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा. आमच्या गाडीची जी वाट लावली ती अजून कुणाच्या गाडीची लागू नये म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

गाडी पप्पांची, बीएस फोर (धुराच्या प्रदूषणाचा जुना सरकारी निकष) डिझेल. या जुन्या डिझेल गाड्यांना काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर बहुतेक नसतोच, तो सर्रास दिसायला लागला एप्रिल 2020 ला बीएस सिक्स आल्यानंतर, त्यामुळे सगळी काजळी सरळ बाहेर येते आणि मागचं स्टीलचं टोक तव्याच्या बुडासारखं होऊन जातं. पप्पांना गाडी स्वच्छ लागते, म्हणून एका डिटेलिंगवाल्याकडे, म्हणजे गाड्या साफ-पॉलिश करणाऱ्याकडे नेली. दुकानाचं नाव लिहीत नाही. तिथला माणूस बोलायला एकदम गोड, "काका, हे साधं पॉलिश नाही, मशीन बफिंग करून वरून सिरॅमिक कोटिंग मारतो, परत काळं होणारच नाही" आणि रेट सांगितला 2800. मग म्हणे पाणी उडतं, तुम्ही जरा चहा घेऊन या. आम्ही परत आलो तर पाइप चकचकीत, मोबाइलवर आधीचा-नंतरचा फोटो तयार, पैसे यूपीआयने घेतले आणि बिल मागितलं तर "व्हॉट्सॲपवर टाकतो". ते बिल आजपर्यंत आलेलं नाही.

पुढच्याच आठवड्यात कसारा घाट उतरून मुंबईला जाऊन आलो आणि घरी येऊन बघतो तर चमक फुग्यांसारखी उठलेली, नखाने खरवडलं तर चंदेरी पापुद्रा हातात आला आणि खाली तीच काजळी! म्हणजे बफिंग नाही, कोटिंग नाही, सरळ सिल्व्हर स्प्रे मारलेला, तोसुद्धा साधा. उष्णता सोसणारा ॲल्युमिनियम पेंट वेगळा येतो, तो 600 डिग्रीपर्यंत टिकेल असा बनवतात, इथे तेवढाही खर्च केला नव्हता.

पण खरा संताप पुढे आहे. अंबडला एमआयडीसीत ओळखीचे एक बफिंगवाले दादा आहेत, त्यांना दाखवलं, त्यांनी थिनरच्या फडक्याने पेंट उतरवला आणि स्टीलवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक बारीक खड्डे दाखवले. म्हणाले, "भाऊ, ह्याच्यावर ॲसिड मारलंय, संडासचं असतं तसलं." आता हे समजून घ्या. स्टेनलेस स्टीलमध्ये कमीत कमी साडेदहा टक्के क्रोमियम असतं, त्याचा हवेत एक अगदी पातळ थर तयार होतो आणि तोच स्टीलला गंजू देत नाही. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुतेक हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, त्यातला क्लोराइड नेमका तोच थर फोडतो. काजळी पाच मिनिटांत सुटल्यासारखी वाटते, गिऱ्हाईक खूश, आणि खड्डे मात्र कायमचे. काजळी पुसून काढता येते हो, खड्डे कसे काढणार?

दुकानात परत गेलो तर म्हणे तुमच्या इंजिनातच प्रॉब्लेम आहे, 6500 मध्ये इंजेक्टर क्लीनिंग करून घ्या. आमच्या मेकॅनिकने उघडून बघितलं तर एअर फिल्टर चोंदलेला होता, तो बदलल्यावर धूर लगेच कमी झाला. मी त्या माणसाला कोटिंगच्या बाटलीचं नाव लिहून मागितलं, तेव्हापासून फोन उचलत नाही. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवलीय, यूपीआयची नोंद आणि पापुद्र्याचे फोटो जोडलेत.

तुम्ही करून घेणार असाल तर गाडीजवळून हलू नका, डबा कुठला उघडतायत ते बघा, आणि बिलावर कामाचं नाव लिहून घेतल्याशिवाय पैसे सोडू नका. काम झाल्यावर पाइप गार असताना आतल्या कडेला थिनरचं फडकं घासा, चंदेरी रंग फडक्याला लागला की समजा पेंट आहे. पॉलिश केलेल्या स्टीलचा रंग असा उतरत नाही. आणि "परत काळं होणार नाही" ही गोष्टच खोटी आहे, इंजिन चालू आहे तोवर काजळी येणारच.

खरं तर घरी होतं हे काम. गाडी पूर्ण गार होऊ द्या, हातमोजे आणि मास्क घाला, भांड्याच्या साबणाने किंवा डिग्रीझरने ओलंच घासा, कोरडी काजळी झटकू नका, डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 2012 मध्ये कॅन्सर करणाऱ्यांच्या यादीत टाकलंय. मग झिरो झिरो झिरो झिरो नंबरची बारीक स्टील वूल आणि मेटल पॉलिश, हळूहळू, गोल गोल. फारच बसलं असेल आणि पाइप खरा स्टेनलेसचा असेल तर 1000, 1500, 2000 अशा चढत्या नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात वापरायचा बारीक पॉलिश पेपर) ओला करून चालवा, पण क्रोमचा मुलामा असेल तर पेपर अजिबात लावू नका, मुलामाच निघून जाईल. निळसर-सोनेरी झाक दिसली तर ती उष्णतेची असते, घाण नाही.

अंबडच्या दादांनी आमचा पाइप बफ करून दिला, घेतले 400 रुपये. लांबून बरा दिसतो, जवळून खड्डे दिसतात, पप्पा रोज पुसताना त्यांच्यावर बोट फिरवतात आणि मला फार राग येतो.