फिग्मावर आठ महिने: सांगली मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यांसाठी वायरफ्रेम

हळदीच्या सौद्यांच्या अ‍ॅपचा कच्चा आराखडा, म्हणजे वायरफ्रेम, फिग्मा या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या डिझाइनच्या साधनात केला. सगळ्यात मोठी सोय म्हणजे एकच लिंक. व्हॉट्सअ‍ॅपवर 'फायनल', 'फायनल नवीन' अशा पीडीएफ फिरत नाहीत. अडत दुकानातल्या मोबाइलवर जे दिसतं, तेच इकडच्या पडद्यावर. लिंक खुली ठेवली की बघायला खातं लागत नाही, शेरा लिहायला मात्र लागतं. दुकानातल्या मुनीमजींचं गुगल खातं पहिल्याच बैठकीत जोडून द्या, नाहीतर स्क्रीनशॉट आणि आवाजी निरोप सुरू होतात. 'आधी पोती, मग वजन' हा शेरा थेट त्या रकान्यावर टाचलेला मिळतो, तेव्हा फोनवरची अर्ध्या तासाची चर्चा वाचते.

वायरफ्रेममध्ये नकली इंग्रजी मजकूर भरू नका. ३६० पिक्सेल रुंदीच्या फ्रेमवर (मोबाइलच्या पडद्याएवढ्या चौकटीवर) 'बोली लावा' आरामात बसतं, पण 'हमाली, तोलाई, अडत वजा जाता रक्कम' दोन ओळींत उतरतं आणि शेजारचा आकडा खाली ढकलतो. डबे ऑटो लेआउटमध्ये असतील, म्हणजे मजकुराप्रमाणे आपोआप लहानमोठे होत असतील, तर हे लगेच कळतं. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट यादीत आयतेच मिळतात. १४ आकाराच्या अक्षराला ओळीची उंची किमान २२ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो.

नेट गेलं तर? उघडी फाइल चालू राहते, बदल त्याच मशीनवर साठतात आणि नेट आलं की वर चढतात. नवी फाइल मात्र उघडत नाही, म्हणून लागणाऱ्या फाइल सकाळीच उघडून ठेवायच्या. दोघांनी एकाच डब्याचा एकच गुण (रंग, रुंदी असा) बदलला असेल, तर सर्व्हरवर शेवटी पोचलेला बदल टिकतो. पहिल्याचं काम गुपचूप पुसलं जातं. त्यामुळे पडदे वाटून घेणं आणि मोठ्या बदलाआधी कंट्रोल-ऑल्ट-एस दाबून आवृत्तीला नाव देणं, ही सवय हवीच. फुकट योजनेत जुन्या आवृत्त्या ३० दिवसच मागे जाऊन बघता येतात. महिन्याच्या शेवटी फाइलची लोकल कॉपी उतरवून ठेवा.

फोटो भरू नका. ब्राउझरच्या एका टॅबला २ जीबी मेमरीची मर्यादा आहे, आणि हळकुंडांचे कॅमेऱ्यातून थेट आलेले फोटो ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपला ती गाठण्याआधीच अडकवतात. वायरफ्रेमला करडा चौकोन पुरतो.