पोल व्हॉल्ट शिकायचा असेल तर बेळगावातले हे सर

मुलाला किंवा मुलीला पोल व्हॉल्ट, म्हणजे लांब पोलच्या आधारानं उंच दांडीवरून उडी मारायचा खेळ, शिकवायचा असेल आणि त्यासाठी बेंगळुरूला ठेवणं जमण्यासारखं नसेल, तर बेळगाव शहरातल्या एका कॉलेजच्या मैदानावर संध्याकाळी चालणारं हे कोचिंग जरूर बघून या. सरांना नाव छापलेलं आवडत नाही, म्हणून लिहीत नाही. माझी थोरली मुलगी अकरावीपासून त्यांच्याकडे आहे, आता बी.ए.ला आहे. माझं उद्यमबागेत फॅब्रिकेशनचं शेड आहे, त्यामुळे मैदानावर गेलो की माझी एक नजर पोरीवर आणि दुसरी तिथल्या लोखंडी सामानावर असते. दोन्हींबद्दल लिहितो.

सर मूळचे खानापूर तालुक्यातल्या जंगलपट्ट्यातले. तिकडं बांबूला काय तोटा? शाळेत असताना त्यांनी खऱ्या बांबूवरच उड्या मारल्या, खाली वाळूचा खड्डा. वाळूत पायांवरच उतरावं लागतं, त्यामुळे किती उंच जायचं याला आपोआप मर्यादा पडते. फायबर ग्लासचा पोल त्यांच्या हातात आला तो कॉलेजात गेल्यावर, धारवाडला. तेव्हा बेळगावची कॉलेजं कर्नाटक विद्यापीठाला जोडलेली होती, राणी चन्नम्मा विद्यापीठ आलं ते 2010 साली. विद्यापीठाकडून खेळले, मग पतियाळाच्या एन.आय.एस.मध्ये, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेत, कोचिंगचा वर्षाचा डिप्लोमा केला आणि परत येऊन कॉलेजात फिजिकल डायरेक्टर म्हणून लागले.

ही नोकरी काय असते ते बाहेरच्यांना कळत नाही. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, सगळ्या टीमच्या निवडी, प्रवासभत्त्याची बिलं, 15 ऑगस्टचं संचलन, सगळं एकाच माणसाच्या गळ्यात. पोल व्हॉल्ट कुणी मागितलेला नव्हता. ज्या खेळाला गादी लागते, पोल लागतात आणि उतरणारी पोरं मूठभर, त्यावर कॉलेज पैसे का घालेल? सरांनी व्यवस्थापनापुढे हिशेब मांडला. आंतरकॉलेज स्पर्धेत 100 मीटरच्या पहिल्या नंबराला जेवढे गुण, तेवढेच पोल व्हॉल्टच्या पहिल्या नंबराला. तिथं झुंबड असते, इथं चुरस थोड्यांचीच. सर्वसाधारण विजेतेपद हवं असेल तर ही सोडलेली जागा आहे. गादी त्या हिशेबावर आली. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी ही पोरं कॉलेज सुटल्यावरच्या वेळात घडवली, आणि आता निवृत्त झाल्यावरही त्याच मैदानावर रोज हजर असतात. फी महिन्याला 500 रुपये, तीही देणं जमत नसेल तर विचारत नाहीत.

शिकवणं कसं, ते सांगतो, कारण पालकांचा धीर इथंच सुटतो. पहिले काही महिने तुमचं मूल आडव्या दांडीच्या जवळपासही जात नाही. पोल खांद्याजवळ धरून चालायचं, मग पळायचं, मग तीन पावलांवरून वाळूत उतरायचं, आणि हे सगळं पोल न वाकवता. आठवड्यातून दोनदा मल्लखांब. पोल व्हॉल्टमध्ये हवेत उलटं व्हावं लागतं, पाय वर आणि डोकं खाली, आणि ज्याला दोरावर उलटं लटकायची सवय आहे तो घाबरत नाही. पुण्या-साताऱ्याकडची पोरं मल्लखांबावर चढताना मी पाहिली होती, पण ते अंग या खेळात असं कामी येईल हे मला सरांकडेच कळलं. गोकाक, बैलहोंगलकडची पोरंही येतात. ‘पळ’ आणि त्याचंच कन्नड ‘ओडु’ एकाच दमात ओरडतात सर, कुणाला काही अडत नाही.

एक संध्याकाळ सविस्तर सांगतो. मुलीची उडी सारखी फसत होती. पोल बॉक्समध्ये, म्हणजे तो रोवायच्या जमिनीतल्या लोखंडी खाचेत, नीट टेकायचा, पण अंगाला हिसका बसायचा आणि ती गादीच्या पुढच्या कडेला कशीबशी पडायची. मला वाटलं हातात जोर नाही. सर बाजूला गुडघ्यावर बसले आणि तिचा डावा पाय जमिनीवरून सुटतो तिथं खडूनं रेघ मारली. पाय वरच्या हाताच्या बरोबर खाली हवा होता, तो वीतभर आत पडत होता. पाय आत गेला की पोल वर जायच्या आधीच माणसाला मागे खेचतो, धावण्याचा वेग तिथंच मरतो. सरांनी ना पोल बदलला ना दांडी खाली घेतली. पळायला सुरुवात करायची खूण वीतभर मागे सरकवली. “काय गे, मोजून पळ, बॉक्सकडं बघू नको,” एवढंच म्हणाले. दोन-तीन उड्यांनी पोल पहिल्यांदा तिच्या हातात धनुष्यासारखा वाकला आणि तिला वर घेऊन गेला. गादीवर पडल्यावर ती हसतच सुटली. सरांनी फोनवर काढलेला तो व्हिडिओ थांबवून थांबवून तिला पाय कुठं पडला ते दाखवलं, दांडीवरून किती वर गेली ते नाही.

सुरक्षेबाबत हा माणूस तडजोड करत नाही, आणि माझ्या मते कोचिंगचं खरं मोल इथं आहे. प्रत्येक पोलवर तो किती किलो वजनाच्या खेळाडूसाठी आहे ते लिहिलेलं असतं. सर महिन्याला पोरांची वजनं घेतात आणि वजन पोलच्या पुढे गेलं की तो पोल काढून घेतात, मग दुसऱ्या दिवशी स्पर्धा असली तरी. चरा पडलेला पोल लगेच बाजूला. ओला रनवे असेल तर उडी नाही. एकदा एका पालकानं, पोरगं तयारीत आहे, दांडी वर चढवा, असा बराच आग्रह धरला. सर म्हणाले, “मी चढवतो, पण पडल्यावर उचलायला तुम्ही यायचं.” दांडी होती तिथंच राहिली.

आता लोखंडाचं. जुना बॉक्स गंजून त्याची कड वर आली होती. सरांनी माझ्याकडे नियमांतलं ड्रॉइंग आणून दिलं: लांबी 1 मीटर, पुढे रुंदी 60 सेंटिमीटर, मागे निमुळता होत 15, खोली 20, आणि मागची प्लेट तळाशी 105 अंशांत. “मेस्त्री, हा कोन चुकला तर पोल सरकतो,” एवढं बजावलं. मी घाईनं करून दिलेलं काम त्यांनी घेतलं नसतं, म्हणून प्रत्येक कड घासून गोल केली. गादीखाली लाकडी फळ्यांचा चौथरा आहे, तळाला हवा लागावी म्हणून. आपल्याकडच्या पावसात फोम जमिनीवर ठेवला तर एका मोसमात कुजतो.

उणिवाही सांगतो. गादी जुनी झालीय, एका बाजूला बसलीय, आणि सर त्या बाजूला उडी पडू देत नाहीत. तशीही एका वेळी एकाच खेळाडूची उडी होते. वाट बघण्यात वेळ जातो. पोल पुरेसे नाहीत. परदेशातून येणारा चांगला पोल वाहतूक आणि कर धरून लाखाच्या आसपास जातो, आणि पोरं वाढतात तसे वेगवेगळ्या लांबीचे आणि वजनांचे लागतात. मुलींना कपडे बदलायची खोली लांब आहे. स्पर्धेला जाताना पोल न्यायचे कसे हा दर वेळचा प्रश्न, कारण ते मोडून पिशवीत घालता येत नाहीत आणि बसच्या टपावर घ्यायला कुणी तयार होत नाही. आम्ही पालक मिळून टेम्पो करतो, तो खर्च फीच्या वेगळा धरा.

सर पालकांना प्रगतीचं पत्रक वगैरे देत नाहीत. विचारलं तर पायाबद्दल बोलतात, पदकाबद्दल नाही. हे काहींना आवडत नाही. मला पटतं. भारतात पुरुषांचा राष्ट्रीय विक्रम 2022 साली शिवा सुब्रमण्यमनं 5.31 मीटरवर नेला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये डेहराडूनच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत देवकुमार मीणानं तो 5.32 केला. एका सेंटिमीटरसाठी एवढा काळ गेला. मुलींना सर रोझी मीना पॉलराजची 2022 मधली 4.21 मीटरची उडी सांगतात, आणि हेही सांगतात की 2000 च्या सिडनीपर्यंत ऑलिम्पिकमध्ये बायकांना हा खेळच नव्हता. बुबका आणि इसिनबायेव्हा, या खेळातले जागतिक विक्रमवीर, दोघांनाही शिकवणारा विताली पेत्रोव हा सरांचा आवडता विषय, त्यावर ते तासभर बोलू शकतात. स्वतःच्या विद्यार्थ्यांपैकी कोण फौजेत गेलं, कोण खेळाच्या कोट्यातून पोलिसात लागलं, कोण चिकोडीकडं पी.टी. शिक्षक झालंय, हे मात्र विचारावं लागतं. त्यांतले काही सुट्टीवर आले की मैदानावर येतात, गादीचं कव्हर सारतात, लहानांची दांडी लावून देतात.

जायचं असेल तर दसऱ्यानंतर जा. जून ते सप्टेंबर पावसामुळे उड्या बंदच असतात, फक्त मल्लखांब आणि पळणं चालतं, आणि नवीन मुलांना त्या दिवसांत फार कंटाळा येतो. स्पाइक्स पहिल्या दिवशी विकत घेऊ नका, साधे बूट चालतात. मूल तेरा-चौदा वर्षांचं, पळायला चपळ आणि उंचीला न घाबरणारं असावं, ताकद सर नंतर बघतात. संध्याकाळी पाचच्या आधी पोचा, कारण पाचला सर स्वतः गादीवरचं कव्हर काढायला लागतात आणि ते काम संपेपर्यंत कुणाशी बोलत नाहीत. कव्हरचं एक टोक धरायला गेलात तर ओळख लवकर होईल.