डेक्स्ट्रान, मॅनोज की गॅलॅक्टोज? नॅनोकणांवर कोणती साखर चढवावी

तपासणीसाठी किंवा औषध पोचवायला शरीरात सोडायचे अतिसूक्ष्म कण, म्हणजे नॅनोकण, तयार झाले की त्यांच्यावर कोणती साखर चढवायची हा निर्णय घाईत उरकला जातो. प्रयोगशाळेत जी बाटली हाताशी असेल ती साखर चढवली जाते. माझं सांगणं उलट आहे. कण कोणत्या पेशीत शिरायला हवेत ते आधी पक्कं करा, साखर त्यावरून ठरते.

एमआरआयमध्ये यकृत नीट दिसावं, एवढंच हवं असेल तर डेक्स्ट्रान (ग्लुकोजची लांब साखळी) पुरे. लोह ऑक्साइडवर ते सहज बसतं आणि कणांचे गोळे होऊ देत नाही. असे कण अमेरिकेत 1996 मध्येच यकृताच्या एमआरआयसाठी मंजूर झाले होते. यकृतातल्या कुप्फर नावाच्या भक्षक पेशी हे कण गिळतात, त्यामुळे निरोगी भाग काळा पडतो आणि कुप्फर पेशी नसलेली गाठ उजळ उठून दिसते. औषध नेमक्या पेशीत पोचवायला मात्र हे उपयोगाचं नाही.

तिथे निवड उरते मॅनोज आणि गॅलॅक्टोज यांच्यात. ग्लुकोजच्या तुलनेत मॅनोजमध्ये दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट उलट दिशेला असतो, गॅलॅक्टोजमध्ये चौथ्यावरचा. एवढ्याशा फरकाने कण कुठे जाणार ते बदलतं.

मॅनोज भक्षक पेशींवरच्या सीडी206 या रिसेप्टरला (पेशीवरच्या, ठरावीक रेणू पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं. टिल्मॅनोसेप्ट हे याचं उत्तम उदाहरण: डेक्स्ट्रानच्या कण्यावर मॅनोज, सोबत किरणोत्सारी टेक्नेशियम, आकार जेमतेम 7 नॅनोमीटर. लहान असल्याने ते लसिकावाहिनीतून झटकन सरकतं आणि लसिका ग्रंथीत अडकून राहतं. स्तनाच्या कर्करोगात ग्रंथी शोधण्यासाठी 2013 पासून ते वापरात आहे. लक्ष्य भक्षक पेशी असतील तर दुसरा विचार करू नका.

गॅलॅक्टोज यकृताच्या मुख्य पेशींसाठी. त्यांच्यापर्यंत पोचायला कणांना सुमारे 100 नॅनोमीटरच्या छिद्रांतून जावं लागतं; कण मोठे असतील तर वाटेतच कुप्फर पेशी त्यांना गट्ट करतात. आणि न्यायचा माल एसआयआरएनए (ठरावीक जनुक गप्प करणारा छोटा आरएनए) असेल, तर कणांचा खटाटोप खरंच हवा का, हेही तपासा. 2019 मध्ये मंजूर झालेल्या गिवोसिरान या एसआयआरएनए औषधात कण नाहीतच, गॅलॅक्टोजचंच एक रूप थेट रेणूला जोडलं आहे.

साखर कुठलीही घ्या, एकेकटा रेणू रिसेप्टरला फार सैल धरतो. पृष्ठभागावर दाटी हवीच.

मॅनोज खरंच बसलं का, हे सोन्याच्या कणांवर डोळ्यांनी दिसतं. लाल द्रावणात मॅनोजला धरणारं कॉनकॅनॅव्हलिन ए हे प्रथिन टाकलं की कण एकमेकांना जोडले जातात आणि रंग जांभळट होतो. नुसत्या मिठानेही तसंच होऊ शकतं, म्हणून शेजारी गॅलॅक्टोजवाले कण ठेवा. ते लालच राहायला हवेत. या प्रथिनाला कॅल्शियम आणि मँगनीज लागतं आणि फॉस्फेट कॅल्शियमला अडकवून ठेवतं, तेव्हा चाचणी ट्रिस किंवा हेपेस बफरमध्येच (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या, फॉस्फेट नसलेल्या द्रावणात) करा.