पियानोवादक की कंडक्टर: गावातून सुरुवात करणाऱ्यानं काय धरावं?

हा प्रश्न घेऊन दहावी-बारावीतली मुलं आईवडिलांसोबत येतात, तेव्हा मी आधी एवढंच विचारतो: घरी पेटी कोण वाजवतं? उत्तर बहुतेकदा भजनी मंडळाकडे जातं. आजोबा, काका, कोणीतरी असतंच. गुरुकुंज मोझरीच्या आसपास तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं ऐकतच पोरं मोठी होतात. सूर आणि लय अंगात असते. ती दोन्हीकडे कामी येते, पण सारखी नाही.

माझं मत सरळ आहे: आधी पियानो. कंडक्टिंगकडे, म्हणजे वाद्यवृंदासमोर उभं राहून हाताच्या इशाऱ्यांनी तो चालवण्याकडे, त्यातून जाता येतं.

पेटीवाल्या मुलाचा उजवा हात तयार असतो. डावा भाता मारत आलेला असतो, म्हणून पियानोवर तो अगदीच अडाणी निघतो. दुसरी अडचण आवाजाची. पेटीवर लहानमोठा आवाज भात्यानं होतो, पियानोवर पट्टी किती वेगानं दाबली त्यावर. एकच सूर दहा वेळा, दर वेळी थोडा मोठा करत वाजव म्हटलं, की सुरुवातीला दहाही सूर सारखेच येतात. हे सुटायला महिने लागतात. डाव्या हातासाठी जर्मन संगीतकार बाखची 15 इन्व्हेन्शन्स, म्हणजे दोन सुरावटी एकाच वेळी चालणाऱ्या छोट्या रचना, मला सगळ्यात चांगली वाटतात. त्यानं ती विद्यार्थ्यांसाठीच लिहिली, आणि त्यांत डाव्या हाताला उजव्याइतकंच काम आहे.

वाद्य घेताना खऱ्या पियानोच्या मागे लागू नका. त्यात 200 हून जास्त तारा काही टनांच्या ताणाखाली असतात. मे महिन्यातलं 45 अंशांचं कोरडं ऊन आणि जुलैतली ओल यांत लाकूड आकसतं, फुगतं, सूर उतरतात, आणि ते लावून देणारा माणूस तालुक्याच्या गावी मिळत नाही. 88 वजनदार पट्ट्यांचा, म्हणजे दाबताना खऱ्या पियानोसारखा जोर लागणारा, डिजिटल पियानो घ्या, लाइट गेली तरी इन्व्हर्टरवर चालतो. साधारण 40-50 हजार लागतात. कापसाच्या चुकाऱ्यातून एवढी रक्कम बाजूला काढणं सोपं नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच सांगतो, 61 पट्ट्यांचा हलका कीबोर्ड घेऊन पैसे दोनदा घालवू नका.

ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या लंडनच्या मंडळांच्या ग्रेड परीक्षा आता व्हिडिओ पाठवूनही देता येतात. गावातल्या मुलासाठी ही फार मोठी सोय झाली. एबीआरएसएमच्या सहाव्या ग्रेडआधी सहसा पाचव्याची थिअरी पास व्हावी लागते, ती मागे ठेवू नका. पुढे शिकायचं तर चेन्नईला ए. आर. रहमान यांनी 2008 साली सुरू केलेली केएम कॉन्झर्व्हेटरी आहे.

आता कंडक्टर. त्याचं वाद्य म्हणजे समोर बसलेले साठ-सत्तर वादक, आणि अडचण तिथेच आहे. पूर्णवेळ व्यावसायिक सिंफनी ऑर्केस्ट्रा, म्हणजे पाश्चात्त्य संगीताचा मोठा वाद्यवृंद, देशात एकच, 2006 साली मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात उभा राहिलेला, आणि त्यातही परदेशी वादक पुष्कळ. पियानोवादक स्वरलिपीच्या दोन ओळी वाचतो, कंडक्टरला वीस-वीस ओळी एकदम वाचाव्या लागतात. व्हायोलाचा क्लेफ, म्हणजे ओळीवर कुठला सूर ते सांगणारी खूण, वेगळा, बी-फ्लॅट क्लॅरिनेट कागदावरच्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजते. हे सगळं मनात एकत्र ऐकू यायला हवं, आणि त्यासाठी स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र लिहिलेली वही, पियानोवर वाजवून बघण्यासारखा दुसरा अभ्यास नाही.

कंडक्टर झुबिन मेहतांचं उदाहरण लोक हमखास देतात. ते 1954 साली व्हिएन्नाला गेले, डबल बास शिकले, हान्स स्वारोव्स्कींकडे कंडक्टिंग शिकले आणि 1958 साली लिव्हरपूलची कंडक्टिंगची स्पर्धा जिंकले. पण त्यांचे वडील मेहली मेहता यांनी मुंबईत ऑर्केस्ट्रा उभा केला होता, वाद्यवृंद त्यांच्या घरातच होता. आपल्या मुलाला हंगेरीत जन्मलेले कंडक्टर जॉर्ज सोल्टी यांची वाट जवळची. बुडापेस्टच्या ऑपेरात, म्हणजे संगीत नाटकांच्या संस्थेत, गायकांना पियानोवर तालीम देत ते घडले, 1942 साली जिनिव्हाची पियानो स्पर्धा जिंकले, आणि युद्धानंतर म्युनिकच्या ऑपेराचे प्रमुख झाले.

वयाचा हिशेब मात्र कंडक्टरच्या बाजूनं आहे. वॉर्साची शोपँ पियानो स्पर्धा पाच वर्षांतून एकदा होते आणि तिशीपर्यंतच खुली असते. उलट कंडक्टर हर्बर्ट ब्लोमस्टेट नव्वदी ओलांडल्यावरही वाद्यवृंदासमोर उभे राहिले. आणि हाताचं काय सांगावं? अमेरिकी पियानोवादक लिऑन फ्लायशर ऐन भरात असताना, 1960 च्या दशकात, त्यांच्या उजव्या हाताची बोटं ऐकेनाशी झाली. ते फक्त डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवू लागले, शिकवू लागले, कंडक्टरही झाले.

पैशाचं खरं सांगायचं तर नुसत्या मैफिलींवर घर चालवणारे पियानोवादक आपल्या देशात फार थोडे. पण शिकवणी, शाळा, चर्च, गायकांची साथ यांवर पोट भरतं. कंडक्टरला इथे ही मधली पायरी नाही, त्याला बहुधा परदेशच गाठावा लागतो.

तरी काही मुलं चार जणांना गोळा करून गाणं बसवण्यातच रमतात. तुमचं लेकरू तसं असेल तर पियानोच्या जोडीनं त्याला शाळेच्या समूहगीतासमोर उभं करा. चार मात्रांचा हात शिकवा: खाली, डावीकडे, उजवीकडे, वर. पहिल्या सुराआधी हात वर नेताना त्यानं स्वतः श्वास घ्यायचा, म्हणजे समोरची पोरंही त्याच्यासोबत घेतात. तो श्वास राहिला तर अर्धी पोरं पुढे आणि अर्धी मागे सुरू होतात. कंडक्टरचं हे पहिलं काम शिकायला ऑर्केस्ट्रा लागत नाही, 15 ऑगस्टचा कार्यक्रम पुरतो.