फॅलेनॉप्सिस, डेंड्रोबियम की अँथुरियम? आधी आपल्या गावचा हिवाळा बघा

नर्सरीत फुललेलं रोप कुणालाही मिळतं. खरा प्रश्न पुढच्या वर्षीचा असतो: ती फुलं गळून गेल्यावर त्याच रोपाला आपल्या घरात पुन्हा फूल धरेल का? माझ्याकडे ही तिन्ही रोपं आहेत. आधी ठाण्यात सातव्या मजल्यावर होती, गेली काही वर्षं पुण्यात आहेत. तीच रोपं दोन्ही गावांत इतकी वेगळी वागली, की आता कुणी "कुठलं घेऊ?" असं विचारलं की मी आधी "राहता कुठे?" हे विचारते.

फॅलेनॉप्सिस म्हणजे रुंद, जाड पानांचं आणि चपट्या फुलांचं ऑर्किड. नावाचा अर्थच पतंगासारखं. एकदा फुललं की फुलं दोन-तीन महिने टिकतात आणि टेबलावर याच्याइतकं देखणं दुसरं काही नाही. पण त्याचा फुलांचा दांडा खताने येत नाही, गारव्याने येतो. साधारण 25 अंशांखालचे काही आठवडे मिळाले की पानाच्या बगलेतला झोपलेला डोळा जागा होतो.

इथेच बहुतेकांची फसगत होते. "रात्री एसीच्या खोलीत ठेवा, दांडा येईल" हा सल्ला मीही ऐकला आणि ठाण्यात दोन हिवाळे नेमाने पाळला. पानं तुकतुकीत आली, दांडा मात्र एकही नाही. पुढे कारण कळलं. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2006 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दिवसा 29 अंश आणि रात्री 17 अंश अशा हवेत ठेवलेल्या फॅलेनॉप्सिसच्या एकाही रोपाला वीस आठवड्यांत दांडा आला नाही. दिवसा 23 आणि रात्री 17 अंशांत ठेवलेल्या बहुतेक रोपांना आला. म्हणजे रात्र कितीही गार केली तरी दुपार तापलेली असेल तर उपयोग नाही. मुंबई-ठाण्यात जानेवारीतही दुपारी पारा तिशीच्या आसपास असतो. लंडनच्या किंवा न्यू जर्सीच्या घरात हेच रोप खिडकीत सहज फुलतं, आणि आपण बघतो ते व्हिडिओ बरेचदा तिकडचे असतात.

पुण्यात बाहेर दुपारी ऊन असलं तरी रात्री गारठलेलं घर उशिरा तापतं. माझ्या उत्तरेकडच्या खोलीत डिसेंबरात भर दुपारी थर्मामीटर 23-24 दाखवतो. इथे आल्यावर पहिल्याच जानेवारीत पानाच्या बुडाशी एक हिरवं टोक दिसलं. मूळ की दांडा, हे कळायला मला आठवडाभर लागला. मुळाचं टोक गोल आणि चकचकीत असतं, पुढे मागचा भाग चंदेरी होत जातो. दांड्याचं टोक किंचित चपटं असतं, त्यावर बारीकशी घडी दिसते आणि ते वर उजेडाकडे वळतं. दिसल्यापासून पहिली कळी उमलायला तीन-चार महिने जातात. तेवढ्या काळात कुंडी फिरवू नका, नाहीतर दांडा वेडावाकडा होतो. फुलं संपल्यावर दांडा हिरवा असेल तर खालून तिसऱ्या पेराच्या थोडं वर कापा, कधीकधी तिथूनच बाजूचा फुटवा येतो.

फॅलेनॉप्सिस घरात मरतं ते बहुतेक वेळा पाण्यामुळे. माझं पहिलं रोप पावसाळ्यात गेलं. पारदर्शक प्लॅस्टिकच्या कपात ओला मॉस (वाळवलेलं शेवाळ) ठासून भरलेला होता, तो मी बदलला नव्हता. जुलैत मुळं काळी पडून लिबलिबीत झाली. आता फुलं संपली की मॉस काढून टाकते आणि कोळसा, विटांचे तुकडे, नारळाच्या शेंड्या यांत रोप बसवते. मुळं चंदेरी दिसली की पाणी, हिरवी असतील तर थांबायचं. पानांच्या मधल्या खोबणीत पाणी साचू द्यायचं नाही.

आता डेंड्रोबियम, हेही ऑर्किडच. बाजारात सर्रास मिळतं ते जांभळ्या-पांढऱ्या फुलांचं, उभ्या काठ्यांचं. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथल्यांना मी बेधडक हेच सांगते. त्याला उष्मा चालतो, दमट हवा तर आवडतेच. त्याची मागणी एकच: उजेड. फॅलेनॉप्सिसला दहा ते पंधरा हजार लक्स (उजेड मोजायचं एकक) पुरतात, याला त्याच्या दुप्पट-अडीचपट लागतात. मोबाइलवर लाइट मीटरचं अॅप टाकून सकाळी नऊ-दहाला खिडकीत मोजून बघा. पूर्वेच्या ग्रीलमध्ये दोन-तीन तासांचं कोवळं ऊन मिळालं तर उत्तम. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात मात्र ते फुलणार नाही, हे घेण्याआधीच मान्य करा. वाढू द्यायचं ग्रीलमध्ये, आणि फुलल्यावर चार-सहा आठवडे घरात आणून ठेवायचं.

एक चूक मात्र सगळे करतात. जुन्या काठीची पानं गळाली की ती वाळली असं समजून कापून टाकतात. ती वाळलेली नसते. अशाच पानं झडलेल्या काठीच्या शेंड्यातून पुन्हा दांडा येतो, शिवाय नव्या कोंबाला अन्न तीच पुरवते. सुरकुतून पिवळी, पोकळ होईपर्यंत हात लावू नका. ठाण्यात माझ्या रोपाला वर्षातून दोनदा फुलं यायची. पुण्यात एकदाच येतात, कारण 15 अंशांखालची रात्र त्याला सोसत नाही आणि डिसेंबर-जानेवारीत ते आत घ्यावं लागतं. खत दोन्ही ऑर्किडना सारखंच: 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं), लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, वाढीच्या दिवसांत आठवड्याला एकदा.

ऑर्किडची धाकधूक नकोच असेल तर अँथुरियम घ्या. याला हिवाळ्याची वाट बघावी लागत नाही. रोप मोठं झालं की प्रत्येक नव्या पानाच्या बगलेतून एक फूल, असा त्याचा क्रम असतो. आपण ज्याला फूल म्हणतो ते खरं तर रंगीत आवरण, खरी फुलं मधल्या दांडीवर असतात, बारीक दाण्यांसारखी. म्हणून याच्या बाबतीत पानांवर लक्ष ठेवायचं. नवी पानं येताहेत पण फुलाविना, तर उजेड कमी पडतोय. खिडकीच्या जवळ आणा. किनाऱ्यालगतच्या दमट हवेत ते रमतं. पुण्याच्या एप्रिलात पानांच्या कडा करपतात, तेव्हा मी त्याला दोन मोठ्या कुंड्यांच्या मध्ये ठेवते. घरात मांजर किंवा पानं चघळणारं लहान मूल असेल तर हे नको; पानांतल्या ऑक्झलेटच्या सुयांनी तोंड पोळतं.

पीस लिलीबद्दलही विचारणा होते. ती अंधाऱ्या कोपऱ्यात जगते, पण तिथे क्वचितच फुलते. विक्रीसाठी वाढवताना तिच्यावर बऱ्याचदा जिबरेलिक आम्ल (वनस्पतींचं एक संप्रेरक) फवारून फुलं आणवतात, त्यामुळे दुकानात डझनभर फुलं असलेली कुंडी घरी पुढच्या वर्षी दोन-तीन फुलांवर येते. त्यात तुमचा दोष नसतो.

आता निवडीचं. पुणे, नाशिक, कोल्हापूर आणि घरात एखादी खोली हिवाळ्यात दुपारीही गार राहते, तर फॅलेनॉप्सिस. किनारपट्टीचं गाव आणि सकाळच्या उन्हाची ग्रील, तर डेंड्रोबियम. किनाऱ्यालाच, पण ऊन नाही, नुसता भरपूर उजेड आहे, तर अँथुरियम. घेताना मात्र फुलांपेक्षा बुडाकडे बघा. फॅलेनॉप्सिसच्या पारदर्शक कपातून घट्ट, चंदेरी-हिरवी मुळं दिसली पाहिजेत. डेंड्रोबियमला जुन्या काठ्यांच्या तळाशी निदान एक नवा कोंब असावा. पूर्ण उमललेल्यापेक्षा निम्म्या कळ्या असलेलं रोप घ्या, आणि घरी आणल्यावर त्या उमलेपर्यंत त्याची जागा बदलू नका.