काचेच्या बाटलीतलं निरसं दूध: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यावर

पुण्याजवळच्या एका गोठ्यातून गीर गाईच्या दुधाचा रतीब आम्ही गेल्या पावसाळ्यात लावला, तो अजून चालू आहे. दूध उत्तमच आहे. पण ते न तापवता प्यावं असं सांगणारं जे पत्रक सोबत आलं, ते घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर कृपा करून मनावर घेऊ नका.

आधी दुधाबद्दल. चवीला गोडसर, दाट. तापवून रात्रभर ठेवलं की सकाळी साय अख्खी उचलून घेता येते. दही घट्ट लागतं आणि साठवलेल्या सायीचं तूप रवाळ होतं. पिशवीच्या दुधाला अशी साय का येत नाही? कारण त्यातलं फॅट ठरावीक प्रमाणात आणलेलं असतं आणि बऱ्याचदा होमोजिनाइज करून त्याचे कण बारीक केलेले असतात. आमचं दूध खळखळून उकळलं तरी साय तेवढीच धरते, म्हणजे ही निरसेपणाची करामत नव्हे. किंमत पिशवीच्या जवळपास दुप्पट. उन्हाळ्यात बाटली कोमट आली की दूध नासण्याची भीती, एवढी एक तक्रार.

पत्रकात म्हटलं होतं की ज्यांना दूध पचत नाही त्यांनाही निरसं चालतं. आमच्या ह्यांचं पोट कुठल्याही दुधानं फुगतं, याही दुधानं फुगलं. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, निरशा आणि तापवलेल्या दोन्ही दुधांत सारखीच असते. स्टॅनफर्डमध्ये १६ जणांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचणीतही निरशा दुधाचा काही फायदा दिसला नाही. दही मात्र ह्यांना सोसतं, कारण विरजणातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच फस्त करतात. तापवल्यावरही कॅल्शियम आणि प्रथिनं टिकतात, काही जीवनसत्त्वं थोडी घटतात, एवढंच. आणि ए-टू? ए-वन आणि ए-टू ही दुधातल्या एका प्रथिनाची दोन रूपं. देशी गाईंच्या नि म्हशींच्या दुधात मुख्यतः ए-टू असतं, उकळल्यानं त्याचं ए-वन होत नाही.

एक मुद्दा मी गंभीरपणे वाचला. युरोपात शेतावर वाढलेल्या, तिथलं दूध पिणाऱ्या मुलांमध्ये दमा आणि ॲलर्जी कमी आढळते. पण ते संशोधक स्वतःच निरसं दूध प्यायला सुचवत नाहीत, कारण त्यातून होणारे आजार खरे आहेत.

ते आजार कोणते, हे प्रत्येक आईबापानं माहीत करून घ्यावं. ब्रुसेला या जंतूची लागण झालेली गाय वरून ठणठणीत दिसू शकते आणि जंतू दुधात उतरतात. माणसाला चढउतार करणारा ताप, घाम, महिनोनमहिने सांधेदुखी. जनावरांचा क्षयही दुधातून येतो. ई. कोलाय या जंतूच्या काही जातींनी लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. लिस्टेरिया हा जंतू तर फ्रीजमध्येही वाढतो आणि गर्भ दगावू शकतो. गोठा आरशासारखा लख्ख असला तरी शेणाचा एक शिंतोडा पुरतो. आणि हे सगळं ७२ अंशांवर १५ सेकंदांत आटोक्यात येतं!

मी गोठ्यावर फोन करून विचारलं, गाईंची क्षयाची आणि ब्रुसेलाची तपासणी शेवटची कधी झाली? चारा, संगीत, मोकळं रान यांबद्दल भरभरून बोलले. तारीख काही मिळाली नाही. तुम्हीही हा प्रश्न जरूर विचारा.

सासूबाई अभिषेकाला निरसंच दूध घेतात, ते तसंच चालू आहे. तीर्थ म्हणून हातावर देण्याचं पंचामृत मात्र आता तापवून गार केलेल्या दुधाचं करतात. हे त्यांनी स्वतःहून ठरवलं, मला फार बरं वाटलं.

रतीब लावायचाच असेल तर सकाळी लवकर येणारी फेरी मागा, बाटली दाराशी राहू देऊ नका, आल्या आल्या ढवळत एक उकळी आणा आणि गार करून लगेच फ्रीजमध्ये ठेवा. पनीर, ताक, लस्सी, सगळं त्या तापवलेल्या दुधाचंच करा.