बाळाची पहिली मासोळी: मरळ, कतला, सुकट की पेटीतला बांगडा?

उष्टावण झालं, मऊ वरणभात पचायला लागला, आता मासोळी कधी आणि कोणती? भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या तलावांच्या पट्ट्यात हा प्रश्न घरोघरी निघतो. 'कधी' याचं उत्तर सोपं आहे. सहा महिने पूर्ण झाले, बाळ मान धरतं, आधाराने बसतं, चमच्यातलं गिळतं, म्हणजे चालते. वर्षभर थांबलं तर ॲलर्जी टळते असं पूर्वी सांगत, आता डॉक्टर तसं मानत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शनानुसार तर सहा महिन्यांनंतर मांस, मासे किंवा अंडी यांतलं काहीतरी रोज पोटात जावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या 100 मुलांपैकी सुमारे 69 मुलांना रक्तक्षय आढळला. माशात मटणाइतकं लोह नसतं, पण सोबतच्या वरणभातातलं लोह अंगी लागायला मासा मदत करतो.

खरा घोळ 'कोणती' यात आहे. आणि तो चवीपेक्षा काटा आणि मीठ या दोन गोष्टींवर सुटतो.

मरळ की रोहू-कतला?

पहिल्या घासासाठी माझं मत मरळीला. रोहू, कतला, मृगल यांच्या मांसात केसासारखे, दोन फाट्यांचे काटे रुतलेले असतात. मरळीत असे काटे जवळपास नसतात. मधला कणा आणि फासळ्या काढल्या की पांढरंशुभ्र मांस हातात येतं. शिवाय मरळ हवेत श्वास घेते, त्यामुळे बाजारात टोपल्यात जिवंत मिळते. ताजी आहे का, हे विचारायलाच नको. अडचण एकच, भाव. रोहूपेक्षा ती बरीच महाग. पण बाळाला लागतो दोन बोटांएवढा तुकडा, बाकीची घरच्यांच्या ताटात जाणारच.

वाघूरही बिनबारीक काट्याची आणि जिवंत मिळते, पण विकणारा ओळखीचा असेल तरच घ्या. तिच्या नावाखाली थाई मांगूर खपवतात. त्याच्या पैदाशीवर आणि विक्रीवर बंदी आहे, आणि सडकं मांस टाकून ते पोसल्याच्या बातम्या येतच असतात.

रोहू-कतलाच परवडत असेल तर बिघडत नाही, फक्त तुकडा निवडून घ्या. बारीक काटे पाठीत आणि शेपटीकडे दाटलेले असतात. पोटाकडच्या भागात लांब, जाड फासळ्या असतात, त्या ओढल्या की निघतात. म्हणून पोटाचा तुकडा मागा, तोही मोठ्या माशाचा. अर्धा किलोच्या रोहूतले काटे डोळ्यांना दिसत नाहीत, दोन-अडीच किलोच्या कतल्यातले बोटाला लागतात.

तुकडा वाफवून घ्या. मांस पारदर्शक राहिलं नाही आणि बोटाने दाबताच पापुद्रे सुटले, म्हणजे शिजलं. मग ताटलीत पसरवून उजेडात चिमटीने चुरगाळा. एकदा आईने, एकदा घरातल्या दुसऱ्या कुणीतरी. आधी मिक्सर फिरवायची घाई नको. त्याने काटा जात नाही, तुटून टोकदार होतो आणि मग सापडत नाही.

आणि रश्श्यातला तुकडा धुऊन देण्याची जुनी सवय सोडा. तिखट-मीठ आत मुरलेलं असतं. वर्षाच्या आत बाळाच्या जेवणात वरून मीठ घालायचंच नाही, त्यामुळे त्याचा तुकडा मसाला लावायच्या आधीच बाजूला काढायचा. चिमूटभर हळद चालेल.

बारीक मासोळी की बाजारची सुकट?

अख्खी बारीक मासोळी डोक्या-काट्यासकट खाल्ली की कॅल्शियम, जस्त, लोह असं सगळं मिळतं, मोठ्या माशाच्या नुसत्या तुकड्यात तेवढं नसतं. पण सहा-सात महिन्यांच्या बाळाला ती तशी देता येत नाही. ताजा मासा दोन-चार वेळा पचला की तिची भुकटी करता येते. पोट साफ करून, मीठ न लावता जाळीखाली कडक उन्हात वाळवायची, तव्यावर खरपूस भाजायची, दळायची आणि मैद्याच्या चाळणीतून गाळायची. चाळणीत उरलेलं टाकून द्यायचं. अर्धा चमचा मऊ भातात पुरे. उन्हाळ्यात तळी आटतात तेव्हा हे जमतं, पावसाळ्यात भुकटीला बुरशी धरते.

आठवडी बाजारातली सुकट, बोंबील, खारवलेले तुकडे दिसायला तेच, पण बाळासाठी नाहीत. मीठ भरपूर, वाळवण कुठल्या जमिनीवर झालं त्याचा पत्ता नाही. पाण्यात भिजवून मीठ थोडं उतरतं, सगळं नाही. झिंग्यांची तर गोष्टच वेगळी. मासा पचतो म्हणून झिंगे पचतीलच असं नाही. त्यांची ॲलर्जी निराळी, त्यामुळे ते नंतर आणि स्वतंत्रपणे द्या.

धानाच्या बांधीत पकडलेल्या मासोळीबद्दल एक. फवारणी झालेल्या बांधीतली मोठ्यांनीही खाऊ नये, बाळाला तर नकोच. शहराचं सांडपाणी येतं त्या नदी-धरणातल्या मासोळीपेक्षा गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावातली मला बरी वाटते.

तळ्यातली की पेटीतली?

बांगड्यात मेंदूच्या वाढीला लागणारं ओमेगा-3 रोहूपेक्षा जास्त, पारा कमी. कोकणात मी पहिला तोच सुचवला असता. आपल्याकडे तो थर्माकोलच्या पेटीतून, किती हातांतून येतो देव जाणे. मधे बर्फ वितळला तर बांगड्यासारख्या माशात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवून जात नाही. लाल कल्ले, फुगीर चकचकीत डोळे, दाबल्यावर परत वर येणारं मांस, यांतलं एकही चुकलं तर सोडून द्या. मुशी आणि मोठी सुरमई यांत पारा जास्त, त्या बाळाला नकोतच.

पहिला घास

सकाळी द्या, दवाखाना उघडा असतो त्या दिवशी. अर्धा चमचा, भातात कालवून. पुढचे दोन-तीन दिवस दुसरा नवा पदार्थ नको. मासे खाल्ल्यावर दूध पाजलं तर कोड येतं, असं म्हातारी माणसं सांगतात. त्याला आधार नाही, खुशाल पाजा.

आई-वडिलांना माशाची ॲलर्जी असेल किंवा बाळाला अंगभर इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. घास दिल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, लगोलग उलट्या झाल्या तर परत देऊ नका, बाळाला दाखवा. घरघर लागली, बाळ मलूल पडलं तर 108 ला फोन करा, वाट पाहू नका. काटा अडकल्यासारखं वाटलं तर तोंडात बोट घालून चाचपायचं नाही आणि मोठ्यांसारखा भाताचा गोळाही गिळवायचा नाही, काटा आणखी खोल रुततो. बाळाला उचलायचं आणि थेट आरोग्य केंद्र गाठायचं.